धावपट्टी दिसली, पण कोणती?

आपणांपैकीं कित्येकांच्या घरीं संगणकावर विमान चालविण्याचा खेळ, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटर, असेल. त्यांतील खरी कसोटी उतरण्याच्या वेळीं लागते. पडद्यावर दूरची धावपट्टी म्हणजे चार-दोन ठिपक्यांची पुसट रेघ. ती दिसतांच मन हर्षतें व हात तिकडे वळतो. माझ्या मतें विवेक हवा तो नेमका येथेंच.

मुंबईचेंच उदाहरण घ्या. पूर्वेकडे तोंड करून उतरणाऱ्यास सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा अंक ०९, तर जवळच्याच जुहूचा ०८. दिशेंत फरक तो थोडाच. १९५३ सालीं एक कॉमेट विमान व १९७२ सालीं जपानचें एक प्रवासी विमान, हीं दोन्हीं सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरलीं. दुसरें तर तिचें टोक ओलांडून गेलें. त्या वैमानिकांस धावपट्टी दिसली नाहीं असें नव्हे. दिसली ती दुसरीच होती!

म्हणून पट्टी दिसली कीं होकायंत्र, तिच्यावरील अंक व विमानतळाचें अंतर ताडून पाहावें. मग कडेचे चार दिवे: दोन पांढरे, दोन तांबडे, तर उंची योग्य, चारही तांबडे, तर विमान फार खालीं. एक जरी खूण जुळली नाहीं, तरी पुन्हा वर जावें. त्यांत कमीपणा नाहीं.

खेळांतील चूक एक कळ दाबतांच पुसली जाते, म्हणूनच तिची संवय जडते. पालकांनींही "विमान उतरलें का?" एवढेंच न विचारतां, "कोठें उतरलें, आणि तें कशावरून ओळखलें?" असें विचारावें.