विश्लेषण : ‘अनकॉन्फरन्स’चा हिशेब सगळ्यांसमोर का हवा?

प्रमुख पाहुणे नाहीत, दीपप्रज्वलन नाही, वक्त्यांची छापील यादीही नाही. सकाळी कोऱ्या फळ्यावर चिकट चिठ्ठ्या लागतात आणि दिवसाचा कार्यक्रम ठरतो. स्वयंसेवकांनी चालवलेल्या अशा ‘अनकॉन्फरन्स’ आता नव्या नाहीत. मात्र त्या सुधारायच्या कशा, याची चर्चा बहुतेक वेळा आयोजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तीही कार्यक्रम आटोपल्यावर होते. ती त्याच दिवशी, सगळ्यांसमोर व्हायला हवी.

कल्पना आली कुठून?

अमेरिकेतील हॅरिसन ओवेन यांनी खूप मेहनत घेऊन एक परिषद भरवली होती. चांगले काय झाले, असे विचारल्यावर लोकांनी सांगितले, चहापानाची सुट्टी! त्यातून १९८५ मध्ये ‘ओपन स्पेस टेक्नॉलॉजी’ ही पद्धत आकाराला आली. नावात टेक्नॉलॉजी असली तरी साहित्य म्हणजे गोलाकार खुर्च्या, भिंत आणि मार्कर. तिचा प्रसिद्ध नियम ‘दोन पायांचा’. जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसऱ्या गटात जायचे.

तंत्रज्ञांमध्ये ही पद्धत रुळली ती ‘बारकॅम्प’मुळे. टिम ओरायली यांच्या प्रकाशन संस्थेचा ‘फू कॅम्प’ फक्त निमंत्रितांसाठी असे. त्याला उत्तर म्हणून ऑगस्ट २००५ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे सर्वांना खुला बारकॅम्प भरला. (बारचा इथे मद्याशी संबंध नाही. प्रोग्रामर उदाहरणात ‘फू’नंतर ‘बार’ लिहितात, त्यावरचा हा विनोद.) पुढे पुण्या-मुंबईतही बारकॅम्प झाले.

मग अडते कुठे?

कोरा फळा सगळ्यांना सारखा नसतो. त्याच्याकडे आधी कोण धावते? ज्याला ही पद्धत ठाऊक आहे आणि ज्याचे चार मित्र सत्राला बसणार आहेत तो. जिल्ह्याच्या कॉलेजमधून पहिल्यांदाच आलेली विद्यार्थिनी इंग्रजीत लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचत मागे उभी राहते. आपला विषय मराठीत मांडला तर चालेल का, हे विचारावे कुणाला, तेही तिला कळत नाही. अमेरिकी स्त्रीवादी लेखिका जो फ्रीमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा मुद्दा मांडला होता. रचना नाही असे म्हणणाऱ्या गटातही रचना असते, फक्त ती लपलेली असते, त्यामुळे तिला जाब विचारता येत नाही.

दोन पायांच्या नियमाचीही एक अडचण आहे. उठून गेलेला माणूस का गेला, हे मागे राहिलेल्यांना समजत नाही. नवखा तर हा नियम शेवटचा मुख्य दरवाजावर वापरतो आणि पुन्हा येत नाही.

फॉर्म पुरत नाही का?

ऑनलाइन फॉर्ममध्ये प्रत्येक जण एकटा लिहितो आणि ते फक्त आयोजक वाचतात. ‘वायफाय नव्हते, जेवण छान’ यापुढे गाडी क्वचितच जाते. खुल्या चर्चेत ‘दुपारच्या सत्रात दोघेच बोलत होते’ असे कुणी म्हटले की तिसरा विचारतो, मग आपण थांबवले का नाही? फॉर्मला हा प्रतिप्रश्न जमत नाही.

अर्थात, ‘बोला, कुणाला काही सांगायचंय?’ म्हणून माइक फिरवला तर तेच दोघे पुन्हा बोलतील. त्यावर ‘फिशबोल’ची पद्धत सोपी आहे. मध्ये पाच खुर्च्या, त्यातली एक रिकामी, बाकीचे भोवती. बोलायचे असेल त्याने रिकाम्या खुर्चीवर बसायचे, मग आतल्या एकाने उठायचे. भाषा कोणतीही चालेल, हे आधीच जाहीर करावे. छळाची किंवा गैरवर्तनाची तक्रार मात्र या वर्तुळात आणायला लावू नये. त्यासाठी खासगी आणि विश्वासार्ह वाट वेगळीच हवी.

ही चर्चा शेवटी ठेवण्याचा मोह होतो, पण तोवर निम्मे लोक बस-लोकल गाठायला निघालेले असतात. जेवणानंतरचा अर्धा तास बरा. सकाळी चुकलेले संध्याकाळपर्यंत दुरुस्त करता येते.

आणि निर्णय?

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट चर्चा करतात, निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. एका दिवसाच्या मेळाव्याला ग्रामसभेची शिस्त जशीच्या तशी लागू होणार नाही, पण चर्चा आणि निर्णय वेगळे ठेवणे जमण्यासारखे आहे. अर्ध्या तासात मतदान घेऊन कुणाला हरवू नये. सूचना फळ्यावर लिहाव्यात आणि ती कोण करणार त्याचे नाव पुढे टाकावे. पुढच्या वेळी नव्या चिठ्ठ्या लावण्याआधी ती यादी वाचून दाखवावी. जे झाले नाही ते का झाले नाही, हेही तिथेच सांगावे.