रिप्ले दाखवा, पण आधी पंचांशी बोला

मोडनिंब, माढा, मोहोळ या आपल्या पट्ट्यात यात्रेतलं कुस्तीचं मैदान असो की टेनिस बॉल क्रिकेट, यूट्यूबवर लाईव्ह आता लागतंच. या धंद्यात उतरलेली पोरं विचारतात, "सर, रिप्लेसाठी महागडं सॉफ्टवेअर घेऊ का?" माझं स्पष्ट मत: पहिल्या वर्षी त्यात एक रुपयाही घालू नका.

ओबीएस स्टुडिओ फुकट आहे. त्यातला रिप्ले बफर चालू करा, वेळ २० सेकंद ठेवा. ठरवलेलं बटण दाबलं की शेवटच्या २० सेकंदांची फाईल लॅपटॉपमध्ये तयार. ती मीडिया सोर्समध्ये ५० टक्के वेगाने लावा, झालं स्लो मोशन. फक्त कॅमेरा आणि ओबीएस दोन्ही ५० फ्रेमवर हवेत. २५ फ्रेमचं चित्र निम्म्या वेगाने चालवलं तर सेकंदाला साडेबाराच फ्रेम उरतात आणि डाव अडखळत दिसतो. वीमिक्सचा रिप्ले त्याच्या महाग आवृत्त्यांतच मिळतो. तो कमाई सुरू झाल्यावर बघा.

खरी जोखीम पुढे आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड भिडले. दोघेही आपल्या सोलापूर जिल्ह्याचे. महेंद्रला टांग डावाचे चार गुण मिळाले आणि त्यावरून मोठा वाद झाला. एवढ्या मोठ्या स्पर्धेत हे होतं, तर गावच्या मैदानात तुमच्या एकट्या कॅमेऱ्याने काय होईल? एका बाजूने खांदा टेकलेला दिसतो, दुसऱ्या बाजूने नाही. असा रिप्ले मोठ्या स्क्रीनवर लावलात तर गर्दी पंचांवर धावेल आणि पुढच्या वर्षीचं काम तुमच्या हातून जाईल.

म्हणून कोटेशनमध्येच लिहून घ्या: रिप्ले प्रेक्षकांसाठी की निर्णयासाठी? निर्णयासाठी असेल तर आधी पंच बघणार, मगच तो स्क्रीनवर जाणार. ओबीएसचा बफर लाईव्ह जाणारंच चित्र साठवतो, त्यामुळे समोरच्या बाजूला दुसरा कॅमेरा स्वतंत्र रेकॉर्डिंगवर ठेवा. त्याचा दर वेगळा, बटणावर बसणारा माणूस वेगळा. खाली कमिटीची सही घ्या.

कॅमेरा आज कुणाकडेही असतो. पण वादाच्या वेळी पंच ज्याच्या लॅपटॉपकडे विश्वासाने वळतात, त्याच्याशी कमिटी दरावरून फार घासाघीस करत नाही. पुढच्या यात्रेआधी गल्लीतल्या क्रिकेटवर पन्नास वेळा ते बटण दाबून हात बसवा.