कोयत्यालाही नाव असते

१८ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन. १९९० साली याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा करार मंजूर केला. गंगाखेडकरांना मात्र स्थलांतर कळायला असा दिवस लागत नाही. दिवाळी सरली की तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर दारांना कुलपे दिसतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडे. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेली असतात.

फडावर नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. हिशेब कोयत्यांचा, नावाची गरजच नाही. गावाबाहेर प्लास्टिक आणि पाचटाची कोपी. हापशावर घागर घेऊन गेलेल्या बाईला ‘टोळीवाली’ म्हणून बाजूला थांबवले जाते. चोरी झाली की पहिला संशय कोपीवर. रंग तोच, बहुतेक ठिकाणी भाषाही तीच. तरी बोलण्याचा हेल ऐकून माणूस परका ठरतो.

परदेशात आपल्या लेकरांना रंगावरून कोणी हिणवले तर आपण पेटून उठतो. उठलेच पाहिजे. पण कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली लंडनहून परतून बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परके ठरायला समुद्र ओलांडावा लागत नाही, आणि परकेपण पुसायला पदवीही पुरत नाही.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. परंपरा सांगते, लहानपणीच त्या गोदाकाठ सोडून पंढरपुरात संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिल्या. दळण-कांडण करणाऱ्या या दासीला महाराष्ट्राने संत मानले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण माणूस म्हणून स्वीकारले जाण्यासाठी प्रत्येक मोलकरणीने अभंग रचावेत, ही अट कोणाला पेलेल?

आपल्या शहरातही परमुलखातून पोटासाठी आलेले गवंडी, रंगारी आहेत. त्यांना आपण सरसकट ‘भय्या’ म्हणतो, खोली देताना दहादा विचार करतो. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की आपली माणसे घरी परततात. फडावर त्यांना जी वागणूक मिळावी असे आपल्याला वाटते, ती आपल्या गल्लीतल्या परक्याला आजपासून देऊया. सुरुवात त्याचे नाव विचारून करू.