भाव वाढवा, पण आधी कप मोजा

कारध्याच्या दुकानदार बंधू-भगिनींनो, दूध महागलं, गॅस महागला, म्हणून दहाचा चहा बारा रुपयांना करायचं तुमच्या मनात असेल. करा; फक्त आधी हिशेब मांडा. दिवसाला १०० कप जात असतील तर गल्ला १,००० रुपये. भाव वाढल्यावर ९० कप खपले, तर १,०८०. पण ७५ च खपले, तर ९००. भाव वाढला आणि गल्ला आटला! दूध-साखर थोडी वाचेल, पण ठेल्याचं भाडं काही कमी होणार नाही.

भाव हलला की खप किती हलतो, याला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये ती नीट मांडली. मीठ महागलं म्हणून कुणी अळणी जेवत नाही. तर्री-पोहे महागले तर माणूस घरून खाऊन निघतो. मात्र इथं एक गोम आहे. मीठ खाणं थांबत नसलं, तरी तुमच्याकडून घेणं थांबू शकतं. वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा, तिथं दुकानंच दुकानं. शेजारी पर्याय असला की गिऱ्हाईक एक-दोन रुपयांसाठीही हलतं.

पुरात पुलावरची वाहतूक बंद झाली, तर गिऱ्हाईक अडतं. तेव्हा भाव चढवून गल्ला भरेल, हे खरं. पण पाणी ओसरल्यावर तेच गिऱ्हाईक पलीकडे जाईल. मी तरी तो मोह धरणार नाही.

उलट टोकही सांभाळा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि बायाबापड्यांची गर्दी वाढली. ते पाहून ‘निम्म्या भावात’ अशी पाटी लावू नका. निम्म्या भावात तेवढाच गल्ला हवा तर खप दुप्पट लागतो, आणि दुप्पट मालाचा खर्च वेगळाच. एसटीला सवलतीचे पैसे सरकार देतं. तुमच्या समोशाचे कोण देणार?

म्हणून सगळ्या पाट्या एकदम पुसू नका. एकाच वस्तूचा भाव बदला, रोज किती नग गेले ते वहीत लिहा. सणाचे आणि बाजाराचे दिवस वेगळे धरा. दोन आठवड्यांनी गल्ला आणि खर्च दोन्ही बघा, आणि मगच दुसऱ्या वस्तूला हात लावा.