भेटींचा घोटाळा

‘खिशात यंत्र आहे, मग भेट चुकेलच कशी?’ असे म्हणणारांची हल्ली मोठी चलती आहे. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. यंत्र खिशात आल्यापासून आपण भेट नीट ठरविणेच सोडून दिले, आणि ती चुकली तरी आपणांस वाईट वाटेनासे झाले, असा आमचा आरोप आहे.

प्रथम घडलेला प्रकार सांगतो. आमचे एक जुने स्नेही अकोल्यास असतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा निरोप आला की, कचेरी सुटल्यावर निघतो, आठाच्या सुमारास स्टेशनवर भेटू, कॉफी घेऊ, रात्रीच्या गाडीने परतेन. आम्ही ‘बरे’ म्हणून मोकळे झालो. आठ वाजता आम्ही अमरावतीच्या स्टेशनवर उभे, आणि स्नेही सुमारे ८० किलोमीटरांचा प्रवास करून बडनेऱ्यास उतरलेले! भुसावळ–नागपूर हा हमरस्ता बडनेऱ्यावरून जातो. अमरावतीचे जुने स्टेशन फाट्याच्या टोकाशी, ९-१० किलोमीटर आत. नरखेडच्या मार्गावरचे ‘नवे अमरावती’ हे तिसरेच. इतक्यात यंत्र वाजले. ‘मी स्टेशनवरच आहो, भाऊ.’ ‘अहो, आम्हीही स्टेशनवरच आहोत!’ दोघेही खरे बोलत होतो. पुढे त्यांच्या यंत्राची वीज संपली. मग आम्ही तर्क लढवून ऑटोने बडनेरा गाठले. तोच तर्क लढवून ते अमरावतीस आले. आम्ही परत येईतो ते पुन्हा बडनेऱ्यास जाऊन गाडीत बसले होते.

ही हकीकत ऐकून लोक हसतात. आम्हीही हसलो. कोणी म्हणतात, दोष स्टेशनांच्या नावांचा. कोणी म्हणतात, संपलेल्या विजेचा. दोन्ही समर्थने आम्हांस लंगडी वाटतात. एका नावाच्या दोन जागा कोठे नसतात? अमरावतीच्या इर्विन चौकात डॉ. आंबेडकरांचा पुतळा उभा आहे, तरी त्या व्हाइसरॉयचे नाव लोकांच्या तोंडून गेलेले नाही. खुद्द मुंबईत तर एके काळी वेळाच दोन होत्या. १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची स्थानिक वेळ शहराच्या व्यवहारातून १९५५ पर्यंत पुरती गेली नव्हती. अशा शहरात भेट ठरविणारास ‘कोणत्या घड्याळाने?’ हे विचारणे भागच होते. संदिग्धतेने घोटाळा होत नाही. ती आहे हे ठाऊक असून न विचारल्याने होतो. आणि आपण विचारीत नाही, कारण ‘पोहोचल्यावर फोन करू’ हा मंत्र आपल्यापाशी असतो. भेट ठरविण्याचे कष्ट आपण भेटीच्या वेळेवर ढकलतो.

पूर्वी स्नेह्यांची संध्याकाळ ठरवावी लागत नसे. वाचनालयाची पायरी ठरलेली, ओसरी ठरलेली, चहाच्या हॉटेलातील बाकही ठरलेले. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद केली, तेव्हा तेथील कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती चालविली; त्यांच्याही टेबलांशी मंडळींचे असेच नाते जडले. गडी आला नाही, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन विचारपूस करी. त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या ओसरीवर स्त्रियांना जागा नव्हती, आणि सर्व जातींनाही नव्हती. आज नोकरी करणारी मुलगी मैत्रिणीसह कॉफीच्या दुकानात निःशंक बसते, हा लाभ आम्ही मोठा मानतो. परंतु या लाभासाठी शब्द पाळण्याची सवय सोडलीच पाहिजे, असे कोणी सांगितले?

‘एवढे काय बिघडले? पुन्हा भेटा,’ असे यावर उत्तर मिळते. काय बिघडले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी आम्ही स्नेह्यांना फोन केला. ‘काही विशेष नव्हतं, भाऊ. सहजच आलो होतो,’ असे ते म्हणाले, आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला. महिन्याने तिसऱ्याकडून कळले की, त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीच्या दुखण्याची आशा सोडली होती. फोनवर बोलता येण्याजोगे असते, तर ते कचेरी करून गाडीत बसलेच नसते. काही गोष्टी समोर पेला असल्यावाचून आणि त्याकडे पाहत थोडा वेळ गप्प बसल्यावाचून माणसाच्या तोंडून निघत नाहीत. तो वेळ आम्ही दोन स्टेशनांच्या दरम्यान ऑटोत घालविला.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, भेट ठरविताना जागेचे नाव पुरते घ्यावे, आणि ठरल्या जागी तासभर तरी पाय रोवून उभे राहावे. त्या रात्री आम्ही जागा सोडली, हा दोष सर्वस्वी आमचा.

येत्या शनिवारी आम्ही अकोल्यास जात आहोत. जुने बसस्थानक की नवे, हे विचारून घेतले आहे.