आधी मोरी, मग ओटी

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. जुने घर दुरुस्त करायला घेतलेल्या माणसाला ही म्हण अपुरी वाटेल. नवे घर एकदा बांधून होते, जुन्या घराची दुरुस्ती मात्र वर्षानुवर्षे चालते. हाताशी पैसा येईल तशी एकेक खोली करायची. यंदा ओटीला फरशी, पुढच्या वर्षी माजघराला गिलावा, आणि मोरी-संडासाचे ‘बघू पुढे’. हे ‘बघू पुढे’ प्रकृतीला फार महाग पडते, आणि म्हणून आरोग्याच्या सदरात आज घरदुरुस्तीचा विषय घेतला आहे.

दहिवली हे गाव आता कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. उल्हास नदीच्या काठाने इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यांच्या अधेमधे जुनी कौलारू घरे अजून तग धरून आहेत. काही घरांत म्हातारी माणसे एकटी राहतात. काहींना वर्षानुवर्षे कुलूप आहे आणि वारस मुंबई, डोंबिवली, बदलापूरकडे आहेत. हल्ली निवृत्तीनंतर राहायला, किंवा निदान शनिवार-रविवारी यायला, ही घरे पुन्हा उघडली जात आहेत. ही चांगली गोष्ट आहे. जाड भिंतींचे, उंच छपराचे कौलारू घर उन्हाळ्यात स्लॅबच्या घरापेक्षा नक्कीच सुखाचे असते. ते पाडण्याची घाई करू नये, अशाच मताचा मी आहे.

माझी तक्रार आहे ती दुरुस्तीच्या क्रमाविषयी. आपल्याकडे दुरुस्ती पाहुण्यांच्या नजरेने होते. घरात लग्न निघाले किंवा गणपती जवळ आले, की ओटी रंगते, नवा दरवाजा लागतो, छताखाली पांढरे पॅनेल बसते. घरातली बाई मात्र त्याच धुरकट स्वयंपाकघरात उभी असते आणि आजोबा रात्री त्याच निसरड्या मोरीकडे भिंत चाचपत जातात. ज्या खोलीत पाहुणा अर्धा तास बसतो तिच्यावर निम्मा खर्च, आणि ज्या खोल्यांतून आजारपण येते त्यांच्यासाठी उरलेसुरले पैसे, हा हिशोब उलटा आहे. क्रम असा असावा: आधी छप्पर, मग मोरी-संडास, मग स्वयंपाकघर, मग झोपण्याची खोली आणि सर्वांत शेवटी ओटी.

छप्पर आणि ओल

कर्जत परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखात बंद घराची पहिली शत्रू म्हणजे ओल. फुटलेल्या कौलातून पाणी वाशावर येते, वासा कुजतो, वाळवी लागते, भिंतीला लोणा फुटतो आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. ही बुरशी म्हणजे केवळ डाग नव्हे. तिचे सूक्ष्म कण श्वासावाटे आत जातात. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, दमा आणि श्वसनाचे इतर विकार अधिक होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे. पावसाळा आला की ज्या मुलाची छाती घरघरते, त्याच्या औषधाबरोबर त्याच्या उशाची भिंतही तपासायला हवी.

ओलीवर रंग हे औषध नाही. आधी पाणी कुठून येते ते शोधावे. वरून येत असेल तर शाकारणी करावी आणि पन्हळ लावून पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर न्यावे. खालून चढत असेल तर परसातली माती जोत्याला टेकली आहे का ते पाहावे. मातीच्या किंवा चुन्यातल्या जुन्या भिंतीला वरून घट्ट सिमेंटचा गिलावा आणि त्यावर तैलरंग दिला, तर आतली ओल बाहेर पडू शकत नाही. दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात आणि खर्च वाया जातो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा व सफेदी बरी, कारण त्यातून भिंत सुकते.

घर नदीकाठी सखल भागात असेल तर आणखी एक विचार हवा. २६ जुलै २००५ चा आणि २०२१ च्या जुलैमधला पूर कर्जतकर विसरलेले नाहीत. विजेचे बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घ्यावेत. पुराच्या पाण्यातून चालावे लागले, विशेषतः पायाला जखम असताना, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून लगेच डॉक्टरांना दाखवावे. हा रोग उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येतो, आणि बंद घरात उंदीर हमखास असतात.

मोरी आणि संडास

घरातले सर्वांत धोक्याचे ठिकाण कोणते, असे विचारले तर मी मोरी म्हणेन. म्हातारपणी पडून खुब्याचे हाड मोडणे म्हणजे केवळ हाडाचे दुखणे नव्हे. अंथरुणाला खिळले की न्यूमोनिया, पाठीला जखमा आणि परावलंबन यांची साखळी सुरू होते. चांगला चालताफिरता माणूस त्यातून पुन्हा उभा राहीलच असे सांगता येत नाही. उपाय मात्र किती साधे आहेत! गुळगुळीत चकचकीत फरशीऐवजी खरबरीत फरशी, भिंतीत पक्की बसवलेली धरायची दांडी, संडासाला कमोड, उशापाशी दिव्याचे बटण आणि वाटेतला उंच उंबरठा कमी करणे किंवा त्याला पांढरा पट्टा मारणे. ओटीच्या फरशीच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

परसात संडासाची टाकी खणताना विहीर किंवा बोअर कुठे आहे ते आधी पाहावे. दोहोंत किमान पन्नास-साठ फुटांचे अंतर हवे, शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही. जागा अपुरी असेल तर पिण्याचे पाणी तरी नळाचेच घ्यावे. जुनी टाकी साफ करायला माणूस आत कधीही उतरवू नये. आतल्या विषारी वायूने क्षणात शुद्ध हरपते, आणि वाचवायला उतरलेला दुसराही दगावतो. २०१३ च्या कायद्याने गटार वा टाकीत अशा रीतीने माणूस उतरवण्यास मनाई केली आहे. यंत्राची गाडी बोलवावी.

नव्या न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवण्याची पद्धत पडली आहे. बंद न्हाणीत या गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेले माणूस बेशुद्ध होते आणि दार आतून बंद असते. गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा.

स्वयंपाकघर

जुन्या घरातले स्वयंपाकघर बहुधा मागे, अंधारे आणि एका झरोक्याचे. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस घरोघर पोचला, तरी आंघोळीचे पाणी, भाकरी, मोठ्या पंगतीचा स्वयंपाक यांसाठी चूल पेटतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. बायकांचा जुना दमा, लहान मुलांचा न्यूमोनिया, मोतीबिंदू या सर्वांशी या धुराचा संबंध आहे. आयुष्यात कधी विडी न ओढलेल्या बाईची फुप्फुसे विडी ओढणाऱ्यासारखी होतात, ती चुलीपुढे.

तेव्हा स्वयंपाकघराला समोरासमोर दोन खिडक्या पाडाव्यात. चूल ठेवायचीच असेल तर ती पडवीत न्यावी किंवा तिला छपराच्या वर निघणारे धुराडे द्यावे. कौलांत दोन काचेची कौले बसवली तर दिवसा दिव्याची गरज राहत नाही. ओटा बाईच्या उंचीचा करावा, गवंड्याच्या सवयीचा नव्हे. कमरेच्या निम्म्या तक्रारी तिथेच थांबतील.

झोपण्याची खोली आणि हवा

जुन्या घराच्या दुरुस्तीत सर्रास होणारी गोष्ट म्हणजे झरोके बुजवणे. कधी डासांचे कारण, कधी वातानुकूलन यंत्राचे. वाचकहो, हवा-उजेडाचा प्रश्न आपल्या भागात जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे सरकारचे लक्ष गेले, आणि १८९८ मध्ये तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत हवा-उजेड आणणे हा त्याचा एक हेतू होता. प्लेगचे खरे वाहक उंदरांवरच्या पिसवा होत्या, हे पुढे पक्के झाले. पण कोंदट खोलीविषयीची शंका क्षयाच्या बाबतीत खरीच ठरली. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. खेळत्या हवेत ते विरळ होतात, बंद खोलीत रेंगाळतात. झरोका बुजवण्यापेक्षा त्याला बारीक जाळी बसवावी. डासही अडतात आणि हवाही येते.

काम चालू असताना

आतापर्यंत दुरुस्तीनंतरच्या घराविषयी बोललो. पण दुरुस्तीचे दिवसही जपण्याचे असतात.

अडगळ हलवताना, कौले उतरवताना विंचू आणि साप निघतात. हातमोजे व बूट घालून, काठीने हलवून मगच वस्तू उचलावी. लाल विंचवाच्या दंशावर आपल्याच जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मोठे काम केले. प्राझोसिन हे औषध त्यावर गुणकारी असल्याचे त्यांनी दाखवले, आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावला तर मंत्र, पाला यांत वेळ घालवू नये. दंशानंतर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. सापाच्या दंशावर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही न करता, तो भाग न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

जुन्या दारा-खिडक्यांचा तैलरंग कोरडा खरवडू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे भरपूर असे. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. रंग ओला करून खरवडावा, खपल्या कागदावर गोळा कराव्यात आणि मुले व गरोदर बाई यांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवावे.

पडवीवरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते हातोड्याने फोडू नयेत, करवतीने कापू नयेत. त्यांचे तंतू फुप्फुसात गेले तर कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. पाणी मारून अख्खा पत्रा उतरवावा. फरशी कापतानाही पाणी मारावे, कारण त्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसे कडक होतात. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क कोरोनापासून सर्वांच्या ओळखीचा आहे, तो कामगारांना आपण द्यावा. गवंडी, सुतार आणि डोक्यावर घमेले वाहणारी बाई याच धुळीत रोज उभी असते, मालक संध्याकाळी येऊन पाहून जातो. मजुरी ठरवताना मास्कचाही विचार झाला पाहिजे, असे मला वाटते.

जुन्या वायरिंगवर नवे पंखे, मोटर, फ्रिज चढवू नयेत. आधी अर्थिंग तपासावे आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा. कामासाठी भरलेली टाकी, पिंप, बादल्या आठवड्यातून एकदा पूर्ण रिकाम्या करून घासाव्यात. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

एकेक खोली करण्यात एक मोठा फायदा आहे, तो घ्यावा. काम चालू असलेल्या खोलीच्या दाराला ओले कापड किंवा प्लॅस्टिक लावून बाकीचे घर धुळीपासून वाचवता येते. दिवाळीनंतर काम काढावे आणि मृगाच्या आत छपराचे काम संपवावे.

कोणी म्हणेल, डॉक्टर, माणसाला चार लोकांत घर दाखवावेसे वाटते, ओटी शेवटी ठेवून कसे चालेल? वाटणे स्वाभाविक आहे. पण घर दाखवण्यासाठी असते त्याआधी राहण्यासाठी असते. गवंड्याला बोलावण्यापूर्वी एक करावे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला, स्वयंपाक करणाऱ्या बाईला आणि लहान मुलाच्या आईला विचारावे, की कोणत्या खोलीचा त्रास अधिक होतो. त्यांनी सांगितलेली खोली पहिली घ्यावी. त्यांच्या तोंडी ओटीचे नाव येईल असे मला तरी वाटत नाही.