उमेदवारी जिल्हा परिषदेची, दृष्टी विधानसभेकडे

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मुख्यतः पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनामुळे. दौंड तालुक्यातील हा टापू कालव्याच्या आणि नदीच्या पाण्यावर उसाचा झाला, त्यामागोमाग गुऱ्हाळे आली, बाजार वाढला आणि चौफुल्यावरून जाणाऱ्या पुणे-सोलापूर महामार्गाने गावाचे शहराशी नाते घट्ट केले. अशा गावातून जिल्हा परिषदेसाठी उभे राहावयाचे म्हणजे नेमके कशासाठी उभे राहावयाचे, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. तथापि त्याचे प्रामाणिक उत्तर देणे उमेदवाराला जड जाते, आणि ते मागण्याचे मतदारालाही सुचत नाही.

या पट्ट्यात प्रचाराचे विषय सहसा ठरलेले असतात: कालव्याचे आवर्तन, उसाचा भाव, महामार्गावरील कोंडी, दौंड मार्गावरील गाड्या. हे सारे प्रश्न खरे आहेत. पण कालव्याचे पाणी पाटबंधारे खात्याच्या हाती, उसाची किमान किंमत केंद्र सरकारच्या हाती, महामार्ग आणि रेल्वे दिल्लीच्या हाती. जिल्हा परिषदेचा सदस्य यांपैकी एकाही बाबतीत निर्णय घेऊ शकत नाही. उलट ज्या गोष्टी त्याच्या अखत्यारीत येतात, त्या म्हणजे प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी, गुरांचा दवाखाना, ग्रामीण रस्ते आणि शंभर हेक्टरांपर्यंतचे लघुसिंचन. त्यांची चर्चा सभेत शेवटच्या पाच मिनिटांत उरकते. ही विसंगती आपोआप उद्‌भवलेली नाही. तिला इतिहास आहे.

नाईक समितीचा वारसा

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये विकासगट हा पंचायत राज्याचा कणा मानला होता. महाराष्ट्राने मात्र वसंतराव नाईक समितीच्या १९६१ च्या अहवालानुसार वेगळी वाट धरली आणि सत्तेचे केंद्र जिल्ह्यात ठेवले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवण्यात आले. आमदार-खासदारांनाही सदस्यत्व देण्यात आले नाही. प्रशासनासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमण्यात आला. गावातून निवडून आलेल्या माणसाने जिल्ह्याचा कारभार शिकावा, चुकत-माकत का होईना पण स्वतः करावा, ही त्यामागची धारणा होती.

ती व्यर्थ गेली असे म्हणता येणार नाही. उस्मानाबाद जिल्हा परिषदेत बसलेले विलासराव देशमुख पुढे मुख्यमंत्री झाले, सांगली जिल्हा परिषदेतून आलेले आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री झाले. पण या यशानेच एक गैरसमज रूढ केला. जिल्हा परिषद ही विधानसभेची पहिली पायरी ठरली, आणि पायरीवर कोणी मुक्काम करीत नाही. उमेदवारी मागणाऱ्याचे लक्ष पाच वर्षांनंतरच्या तिकिटाकडे, आणि ती देणाऱ्याचे लक्ष आपल्या आमदारकीला लागणाऱ्या मतांच्या बेरजेकडे. शाळेचे छप्पर या बेरजेत कोठे बसत नाही.

अधिकारांची गळती

दोष एकट्या उमेदवारांचा नाही. खुर्चीतले अधिकारही गळत गेले आहेत. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळातील ग्रामीण अनुदान केवळ ग्रामपंचायतींना दिले. जिल्हा परिषदेला त्यात वाटा नव्हता. शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून राज्याच्या संगणकप्रणालीकडे गेल्या. या बदलाचे शिक्षकांनी स्वागत केले असेल तर त्यात नवल नाही; बदल्यांतील वशिलेबाजीचा जाच त्यांनीच सोसला होता. पण वशिला थांबवण्याचा उपाय म्हणून अधिकारच वर नेला, की सदस्यापाशी उरते ते केवळ पत्र देण्याचे काम. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये आले आणि दौंड तालुक्याचा काही भागही त्याच्या नियोजनाखाली गेला. अधिकार काढून घ्यावयाचे आणि मग सदस्य कर्तृत्वहीन निघाले म्हणून हळहळावयाचे, हा न्याय विचित्र आहे.

सदस्यांविना परिषद

पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाच्या हाती गेला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असा राज्यघटनेचा स्पष्ट दंडक आहे. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरील सर्वोच्च न्यायालयाचा ४ मार्च २०२१ चा निर्णय, त्यानंतरचे बांठिया आयोगाचे काम, आणि २०२२ मध्ये एका सरकारने वाढविलेली व त्याच वर्षी दुसऱ्याने पूर्ववत केलेली सदस्यसंख्या, अशा गुंत्यात तो दंडक कागदावर राहिला. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयालाच निवडणुका घेण्याचे आदेश द्यावे लागले.

या तीन वर्षांत शाळा भरत होत्या, वेतन होत होते, निविदा निघत होत्या. मग सदस्य नसल्याने काय बिघडले, असा प्रश्न सुशिक्षितांतही विचारला गेला. बिघडले ते हे की, आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, हे अधिकाऱ्याला सभागृहात उभे करून विचारणारा कोणी उरला नाही. जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निर्वाचित सदस्यांतून यावयाचे असतात. ते सभासदच नसल्यामुळे जिल्ह्याचा पैसा कोठे जावा हे ठरविताना पालकमंत्री आणि अधिकारी यांचाच शब्द उरला. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. पण त्याला पुढच्या निवडणुकीत घरी पाठविता येत नाही.

राखीव जागा आणि रमाबाईंचे गाव

१८८२ साल या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या वर्षी लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात, असे आग्रहाने मांडले. शाळा आणि दवाखाना: जिल्हा परिषदेचे आजचे दोन प्रमुख विषय नेमके हेच आहेत. २०११ पासून परिषदेच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. असे असूनही राखीव गटात नाव पत्नीचे, छायाचित्र पतीचे आणि बैठकीत बोलणे दिराचे, हा प्रकार अद्याप सर्रास दिसतो. आरक्षण फिरते असल्यामुळे पुढच्या वेळी तीच जागा तिला मिळेल याची शाश्वती नाही. म्हणून कारभार शिकण्याची उमेदही कमी पडते. हा दोष आरक्षणाचा नसून, जागा आपल्या घराण्यात राखू पाहणाऱ्या पुढाऱ्यांचा आहे. ज्या गावात एका विदुषीने शेकडो निराधार स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे केले, तेथे तरी उमेदवार स्त्रीचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐकण्याचा आग्रह मतदारांनी धरावयास हवा.

प्राथमिक शिक्षक आणि परिषदेचे कर्मचारी स्वतः उभे राहू शकत नाहीत. ते परिषदेचे नोकर आहेत. परंतु कोणत्या शाळेत किती वर्गांना एकच शिक्षक आहे, कोणत्या कामाची फाईल कोठे अडते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ही माहिती गुपित नाही. ती मतदारांपर्यंत पोचली, तर प्रचारसभेत कालव्याच्या आवर्तनाबरोबरच आणखी दोन प्रश्न विचारले जातील: परिषदेच्या अंदाजपत्रकात आपल्या गटाला काय मिळाले, आणि उमेदवाराने ते वाचले आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर पहिल्याचे उत्तर ऐकण्याची गरज राहणार नाही.